नवाबच्या चुका

स्वदेशीच्या सभांचा तो काळ. जुन्नरच्या सभेत कुणीतरी म्हणालं, मरत्या कला जगवा. आणि बोरी बुद्रुकच्या भगवंतरावांना वाटलं, हे आपल्यालाच उद्देशून आहे. अशी माणसं प्रत्येक गावात एखाददुसरी असतातच. शेत गडी बघत होते, त्यामुळे कला जगवायला वेळ भरपूर होता.

त्यांनी पट्टे विणायची कला निवडली. तिला माग लागत नाही. चामड्याची चौकोनी पानं घ्यायची, चारी कोपऱ्यांना भोकं पाडून त्यांतून दोरे ओवायचे. दोऱ्यांचं एक टोक खांबाला, दुसरं आपल्या कमरेला. पानांची गड्डी फिरवायची, आडवा दोरा घालून ठोकायचा, पुन्हा फिरवायची. शिकवणारा कुणी उरला नव्हता, याचा भगवंतरावांना मनातून आनंदच होता. चांगल्या मोटेचं कातडं कापून त्यांनी पानं केली आणि स्वतःला खांबाला बांधून घेतलं.

"लोकं बैल बांधत्यात, आमच्यात धनी बांधलाय," त्यांची बायको साळुबाई पाणवठ्यावर सांगायची.

हातभर पट्टा झाला आणि भगवंतराव गुरू झाले. बेल्ह्याच्या बाजारात ते लोकांना धरून धरून पीळ आणि ताण समजावू लागले. लोक बैलांचे दात तपासता तपासता माना डोलवायचे.

ही कीर्ती जुन्नरात बिबिजानच्या कानावर गेली. तिचा नवरा नवाब घोड्यांचे तंग, म्हणजे खोगीर आवळायचे पट्टे, विणायचा. शेवटचा तंग अर्धवट, पानांसकट ठेवून तो वारला होता. आता नात जहाँआराचं लग्न ठरलं होतं. नवरदेवाच्या घोड्याला आजोबाच्या हातचा तंग आवळलेला असावा, एवढीच म्हातारीची इच्छा होती. तिला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं.

"भाऊ, तेवढा पुरा करून द्या," म्हणत तिनं बोलावून घेतलेल्या भगवंतरावांच्या हाती तंगाचं गाठोडं दिलं.

घरी येऊन त्यांनी तंग उलगडला आणि कपाळाला हात लावला. पट्ट्यावरच्या तिरक्या रेघा थोडं अंतर उजवीकडे जात, मग मधेच डावीकडे वळत, पुन्हा उजवीकडे.

"कवा पानं पुढं फिरवलीत, कवा मागं," ते म्हणाले. "धरबंद न्हाई कशाला. मी सरळ करतो."

"दुसऱ्याचं हाय त्ये. ऱ्हाऊ द्या," साळुबाई म्हणाली.

पण सुधारणेचं वेड लागलेला माणूस बायकोचं ऐकेल तर तो सुधारक कसला. त्यांनी नवाबचं सगळं काम उसवलं आणि पानं एकाच दिशेनं फिरवत नव्यानं विणायला घेतलं. खांबाकडच्या दोऱ्यांना पीळ चढत गेला, तो इतका की पानं फिरेनात. शहाण्याला इथं शंका आली असती. भगवंतरावांनी खांबाची गाठ सोडून पीळ झटकला आणि पुन्हा बांधली. तंग पुरा झाला. रेघ न् रेघ एका दिशेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी बिबिजाननं तंग मांडीवर घेतला. तिची बोटं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"वळणं कुटं गेली, भाऊ?"

"चुका व्हत्या त्या, चाची. काढल्या समद्या."

म्हातारीनं तंगाची हळूहळू गुंडाळी केली. मग म्हणाली, "मागं पीळ भरला की त्यो थांबायचा. पाठ सरळ करायचा, माज्याशी दोन शब्द बोलायचा, मग पानं उलटी फिरवायचा. एरवी कामात तोंड उघडायचा न्हाई. येकेक वळण हाताला लागलं की तवाचं बोलणं आठवायचं मला."

भगवंतरावांनी तंगाला हात घातला. "मी परत घालून देतो वळणं," ते कसेबसे म्हणाले.

"घालाल की. पर त्यो कुटं थांबला व्हता, त्ये तुमाला काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या घोड्याला तोच तंग आवळला. बघणाऱ्यांनी तोंड भरून वाहवा केली. असा सरळ पट्टा नवाबलाही कधी जमला नव्हता, म्हणाले. विणणाऱ्याला शोधायला माणूस धाडला, तेव्हा भगवंतराव बोरीच्या वाटेला लागले होते.