वहिनींचा सातवा महिना

"पोटाला काही बांधलंय का, आजी?"

एक्स-रे काढणारी बाई काचेमागून बाहेर आली आणि उत्तराची वाट न बघता तिने म्हातारीच्या कमरेभोवती गाऊनवरून हात फिरवला. पट्टा नव्हता, पिशवी नव्हती, साधी पिनसुद्धा नव्हती. थंडगार टेबलावर उताणी पडलेली म्हातारी छताकडे बघत राहिली. शेहेचाळीस वर्षांपूर्वी सासूने तिला हेच विचारलं होतं, याच शब्दांत, आणि असाच हात फिरवला होता.

"नाही," ती म्हणाली. तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती.

सकाळी नळापाशी पाय घसरून ती कुशीवर आपटली होती. धरून धरून चालता येत होतं, पण खुब्याचं हाड मोडलं असेल तर नंतर महागात पडेल म्हणून नवरा तिला इथे घेऊन आला. शेजारच्याच गल्लीत राहणारी धाकटी नणंदही सोबत आली. ती दोघं बाहेर बाकावर बसली होती.

बाईने दुसऱ्यांदा फोटो काढला. मघापर्यंत ती स्वतःच्या आईच्या गुडघ्यांबद्दल भरभरून बोलत होती. आता ते अर्धवटच राहिलं. काचेपलीकडे ती पडद्याजवळ वाकली, पेनाच्या टोकाने काहीतरी मोजू लागली, मध्येच थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग तिने फोन उचलला. बाहेर आली तेव्हा तिने म्हातारीच्या अंगावर चादर घातली आणि ती हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"हाड मोडलंय का गं?"

"हाड ठीक आहे, आजी. डॉक्टर आणखी एक तपासणी करू म्हणतायत."

तिला समोरच्या खोलीत नेऊन चाकासारख्या मोठ्या यंत्रात सरकवलं. श्वास धरा, सोडा, असं यंत्रच सांगत होतं. त्यानंतर तिला खुर्चीवर बसवून फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीत आणलं आणि बाहेरच्या दोघांनाही आत बोलावलं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पडदे भिंतीकडे वळवून ठेवले होते. मुलं किती, असं त्यांनी विचारलं. नवऱ्याने नेहमीच्या सवयीने सांगून टाकलं की नाही झालं काही. मग कधी दिवस राहिले होते का, या प्रश्नावर तो जमिनीकडे बघून नाही म्हणाला. नणंदेच्या ओठांवर जुनं, सवयीचं हसू आलं आणि तिने ते पदराने पुसल्यासारखं केलं.

"राहिले होते," म्हातारी म्हणाली. "सात महिने."

ही गोष्ट त्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. पोट दिसायला लागलं, डोहाळे लागले, सासू चार घरी सांगून आली. सातव्या महिन्यात तीन दिवस कळा आल्या, ताप आला आणि सगळं थांबलं. बाळ आलंच नाही. पोट महिनाभरात हळूहळू उतरलं. सुईणीने तपासून सांगितलं, की पिशवी रिकामी आहे, इथे मूल नव्हतंच. मग नणंदेला गादीखाली जुन्या मऊ कापडाच्या घड्या सापडल्या. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. घड्या उचलून ती आईकडे गेली, आणि सून पोटाला चिंध्या बांधून मिरवत होती हे घरात ठरून गेलं. दुपट्यांसाठी फाडून ठेवलेलं कापड आहे ते, असं सून सांगत राहिली. पण ऐकतंय कोण?

पुढे मूल झालं नाही. वर्षं गेली तसा राग विरला आणि थट्टा उरली. घरात कुणी थाप मारली की म्हणायचे, वहिनींचा सातवा महिना. पाहुणे येतो म्हणून आले नाहीत, सातवा महिना. ढग दाटून तसेच निघून गेले, सातवा महिना. हळूहळू तीही हसायला लागली. एकदा दुधावर सायच धरली नाही, तेव्हा तिने स्वतःच ते म्हटलं आणि सगळे पोट धरून हसले. तोवर तिलाही नक्की सांगता आलं नसतं, की तेव्हा खरंच काही होतं, की आपल्यालाच भास झाला होता.

डॉक्टरांनी पडदा वळवला.

काही समजावून सांगावं लागलं नाही. करड्या धुक्यात, खुब्याच्या हाडाच्या वर, एक पांढरं लहानसं माणूस अंग मुडपून झोपलं होतं. वाटीएवढं डोकं, मण्यांच्या माळेसारखा कणा, दोन्ही बाजूंना बरगड्यांच्या बारीक रेघा, छातीशी घेतलेले पाय.

नणंद उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. नवऱ्याने चष्मा काढून पुसला, पण परत डोळ्यांवर चढवला नाही. तो तसाच हातात धरून बसला.

डॉक्टर हलक्या आवाजात सांगत होत्या. सुईण खोटं बोलली नव्हती, पिशवी रिकामीच होती. बाळ पिशवीच्या बाहेर, पोटात वाढत होतं. त्याला बाहेर यायला वाटच नव्हती. ते आतच गेलं, आणि शरीराने त्याच्याभोवती चुन्याचं कवच घातलं. फार क्वचित होतं असं. त्यांनी स्वतः आजवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं. त्रास नसेल तर या वयात हात लावायची गरज नाही, विचार करून ठरवा.

यातलं किती म्हातारीच्या कानावर पडलं, कोण जाणे. ती खुर्चीवरून पुढे वाकून पडद्याकडे बघत होती. तिचे हात मांडीवर पालथे पडले होते.

"डोकं कुठल्या अंगाला आहे?"

"उजवीकडे. खाली, इथे," डॉक्टरांनी स्वतःच्या कमरेवर दाखवलं.

म्हातारीने तिथे तळवा ठेवला. मुलगा की मुलगी, असं तिने विचारलं. हाडांवरून सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. तिने मान हलवली.

"हाताला लागलं होतं," नवरा म्हणाला.

डॉक्टर वळल्या. "तुम्हीपण पडलात का? बघू हात."

"तसं नाही." तो चष्म्याच्या काडीशी चाळा करत होता. "त्याचा पाय. माझ्या हाताला लागला होता. हिने हात धरून पोटावर ठेवला होता माझा. दोनदा लागला. चांगला जोरात."

एक्स-रे काढणारी बाई दारात पाकीट घेऊन उभी होती. ती तिथेच थांबली.

म्हातारीने पडद्यावरची नजर काढली आणि नवऱ्याकडे बघितलं. सुईण येऊन गेली त्या दुपारी तिने याच माणसाला विचारलं होतं. तुम्हाला लागलं होतं ना, एवढं सासूबाईंना सांगा. तो चपला घालत होता. मला काही कळलं नव्हतं, असं म्हणून तो कामावर निघून गेला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं तिने तो हात, तो क्षण, उलटसुलट करून पाहिला होता आणि शेवटी, स्वप्न असेल, म्हणून सोडून दिला होता.

"आई होती तेव्हा," तो डॉक्टरांनाच सांगत होता. "तिच्यापुढे बोलायची... आणि मग राहूनच गेलं."

बाईने पुढे होऊन पाकीट त्याच्या हातात दिलं, आठ दिवस जड उचलू नका, जिना सावकाश चढा, असं सांगितलं. निघायची वेळ झाली. नवऱ्याने पाकीट काखेत धरलं आणि बायकोला उठवायला हात पुढे केला.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने खुर्चीच्या दोन्ही कडा धरल्या, ओठ दाबले आणि एकटीच उठली. दुखऱ्या पायावर भार आला तशी किंचित कलली, आणि दुसऱ्या बाजूला वळून तिने हात नणंदेपुढे धरला.

नणंद भिंतीला टेकून रडत होती. तो हात धरायची तिची छाती होईना.

"वहिनी, मी..."

"चला वन्सं," म्हातारी म्हणाली. "तुम्हाला तरी माहीत नव्हतं."

दोघी बोळातून निघाल्या, एक पाऊल, एक थांबा. बाहेरच्या पायऱ्यांपाशी दम घ्यायला त्या उभ्या राहिल्या. मागून येणारा तोही तीन पावलांवर थांबला, आणि त्या पुन्हा चालू लागेपर्यंत तिथेच उभा राहिला.