दहावे आणि अकरावे झाकण

मित्रांनो, फुटबॉल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे चेंडू येतो, गोल मारणारी खेळाडू येते, फार तर पंचांची शिट्टी येते. पाटी कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. चेंडूला पहिली लाथ बसण्याआधी अख्खा सामना माझ्या अंगावर खेळून झालेला असतो, पण हे सांगायला जायचे कुणाला? मी सिंगापूरमधल्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघाची हिरवी, जुनी, एका कोपऱ्यात पोचा आलेली पाटी. तो संघ आता राहिला नाही. तो कसा गेला हे सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

तसा माझा फुटबॉलशी जन्माचा संबंध नाही. लहान मुलांनी चुंबकाची अक्षरे चिकटवून ए-बी-सी शिकावी म्हणून कारखान्यात माझ्यासारख्या ढीगभर पाट्या बनल्या. लिटिल इंडियातल्या त्या रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानात मी प्रेशर कुकर आणि पूजेच्या घंटा यांच्यामध्ये धूळ खात पडले होते. तिथून मला नीताने उचलले. नीता नाशिकची, इथे पीएच.डी. करायला आलेली आणि प्रयोगशाळेतून वेळ काढून फुटबॉलसाठी मुली गोळा करत फिरणारी. तिने पांढऱ्या रंगाने माझ्यावर मैदान आखले. मधले वर्तुळ काढायला तिने पोळ्यांच्या डब्याचे झाकण ठेवले, त्यामुळे ते जरा मोठेच झाले. मग संत्र्याच्या सरबताच्या बाटल्यांची अकरा नारिंगी झाकणे धुऊन, आतून चुंबक चिकटवून तिने माझ्यावर मांडली. एक झाकण म्हणजे एक मुलगी. त्या झाकणांवरून संघाची जर्सी नारिंगी ठरली. लोक आधी जर्सी घेतात आणि मग पाटी. आमच्याकडे सगळा कारभार उलटा.

ती माझी उमेदीची वर्षे. सराव संपला की घामाघूम मुली माझ्याभोवती बसायच्या. नीता एखादे झाकण बोटाने बाजूला सारायची आणि विचारायची, "आता ही इथे नाही. मग चेंडू कुणाकडे जाणार?" मुली विचारात पडायच्या. एका वर्षी आम्ही सहा संघांत चौथ्या आलो, तर पोरींनी मला डोक्यावर घेऊन नाचवले. हरल्यावर मात्र "पाटीवर सगळं सोपं दिसतं गं" म्हणून माझ्याच नावाने बोटे मोडायची. मी काय घोडे मारले होते? जेवायला गेल्या की हॉकर सेंटरच्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीच्या, टेबलावर जागा धरायला मला ठेवायच्या आणि परत आल्या की माझ्याच पोटावर गरम कॉफीचे पेले टेकवायच्या. ते गोल डाग आजही आहेत. तरी मला कधी राग आला नाही. घरच्या माणसाला इतपत गृहीत धरतातच.

पुढे नीताला नोकरी लागली आणि ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, यिशुनला राहायला गेली. जाताना तिने मला अपूर्वाच्या हातात दिले. "संघ बंद पडू देऊ नकोस," ती म्हणाली. "एकदा बंद पडला की मैदानाची वेळ दुसऱ्यांना देतात. मग पुन्हा कुणी उभा करत नाही बघ."

अपूर्वा पुण्याची. हुशार, मानी आणि अबोल. पहिल्या वर्षी ती वसतिगृहाच्या कॅन्टीनमध्ये भिंतीकडे तोंड करून एकटीच जेवायची. एकदा नीताने तिला मैदानावर ओढून आणले आणि त्या दिवसापासून तिच्या टेबलावर दहा जणी बसू लागल्या. त्यामुळे तिला संघ गमावण्याची केवढी भीती वाटत होती, हे मी जाणून होते. मी तिच्याच खाटेखाली राहायचे. उसासे मला ऐकू यायचे.

आणि यंदा वेळ तशीच आली. दोघी शिकून बाहेर पडल्या, एकीचा गुडघा गेला, दोघी सहा महिन्यांसाठी युरोपात शिकायला गेल्या. उरल्या नऊ. आमच्या लीगचा नियम कडक आहे. पहिल्या सामन्याला अकरा जणी उभ्या राहिल्या नाहीत, तर संघ त्या हंगामातून बाद. मात्र एक वाट ठेवलेली आहे. हंगाम सुरू होण्याआधी सगळे संघ एका संध्याकाळी एकत्र जमतात. ज्या संघाला मुली कमी असतील, त्याने तिथे सगळ्यांसमोर मागायचे. ज्यांच्याकडे जास्त असतील, ते आपली खेळाडू उसनी देतात. ती संध्याकाळ संपली की देवाणघेवाण बंद.

त्या संध्याकाळी आणखी एक प्रथा असते. आदल्या वर्षी जो संघ शेवटचा आला, त्याच्या कप्तानाने सहाही संघांची ओळख करून द्यायची. गेल्या वर्षी शेवटचा कोण, हे मी सांगायला हवे का?

आदल्या दिवशी अपूर्वाने आईला पुण्याला फोन लावला. "उगीच चारचौघांत आपलं उणं दाखवू नकोस," आई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. होईल काहीतरी सोय."

शेजारी बसून आमची बचावपटू जाई बूट पुसत होती. जाई मराठी घरातली, पण जन्मापासून इथलीच. ती म्हणाली, "अपूर्वाताई, just ask lah. ते काय खाणार आहेत तुला?"

"आधीच आपण शेवटच्या आलोय, जाई. त्यात आता हात पसरू?"

"मग अकरा कुठून आणणार?"

"बघू," अपूर्वा म्हणाली. मित्रांनो, माणसे 'बघू' म्हणतात तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतलेले असतात.

दुसऱ्या दिवशी तोआ पायोहच्या एका हॉलमध्ये सहा रंगांच्या जर्सी जमल्या. अपूर्वाने मला स्टँडवर उभे केले आणि बोलायला सुरुवात केली. काय सुरेख बोलली हो! निळ्या संघाबद्दल म्हणाली की त्या चेंडू एकमेकींना इतक्या प्रेमाने देतात की समोरच्याला मध्ये पडायचा संकोच वाटतो. म्हणून तर सलग विजेत्या. लाल संघ डॉक्टर होणाऱ्या मुलींचा, इस्पितळातून धावत येतो, पहिला अर्धा खेळ जांभया देतो आणि दुसऱ्या अर्ध्यात सगळ्यांना धूळ चारतो. पिवळ्यांकडे उंच गोलकीपर, तिचा आवाज असा की चेंडूच घाबरून बाहेर जातो. जांभळ्या मुली आधी तुम्हाला आडव्या करतात आणि मग "यू ओके ऑर नॉट?" असे विचारून हात देतात. पांढरा संघ नवाकोरा. खेळ कसा आहे ते अजून ठाऊक नाही, पण त्यांच्या आया मध्यंतरात कापलेली फळे आणणार आहेत, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याशी गोडीने वागावे. हॉल हसून हसून लोटपोट झाला. प्रत्येक संघ त्याच्या रंगाच्या चुंबकांनी माझ्यावर मांडला जात होता, आणि मला पहिल्यांदाच वाटले की नीता इथे असायला हवी होती.

मग नारिंगी झाकणे निघाली.

अपूर्वाने गोलकीपर ठेवली. बचावाच्या चौघी ठेवल्या. मधल्या तिघी आणि पुढे एक. नऊ झाली आणि तिचा हात थांबला. डावीकडची एक जागा मोकळी होती, पुढची एक मोकळी होती, आणि हॉलमधले सगळे डोळे त्या दोन जागांकडे लागले होते. उरलेली दोन झाकणे तिच्या मुठीत होती. फक्त एवढे म्हणायचे होते, "आम्हाला इथे दोघी हव्यात." मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, ठेवू नकोस, अगं ठेवू नकोस! पण पाटीला तोंड कुठे असते?

तिने दहावे झाकण ठेवले. मग अकरावे.

"डावीकडे कोण? न्यू गर्ल आह?" निळ्या संघाची कप्तान हुई मिन हिने विचारले.

"हो," अपूर्वा म्हणाली. "न्यू. व्हेरी फास्ट."

टाळ्या पडल्या. जाईने मान खाली घातली. ताकाला जाऊन भांडे लपवणे ही म्हण मी नीताच्या तोंडून अनेकदा ऐकली होती. ती माझ्याच अंगावर घडेल असे कधी वाटले नव्हते. त्या दोन झाकणांखाली कुणीच नव्हते. आणि ती चांगली घट्ट चिकटून बसली होती.

पुढचा आठवडा आठवला तरी माझा पत्रा थंड पडतो. मला काखेत मारून अपूर्वा दारोदार फिरली. बॅडमिंटनवाल्यांकडे गेली, प्रयोगशाळांत गेली, कॅन्टीनच्या रांगेत अनोळखी मुलींना थांबवून माझ्यावरची जागा दाखवत राहिली. "इथे फक्त उभी राहा, बाकी आम्ही बघू," असे सांगायची. कुणाची परीक्षा, कुणाची इंटर्नशिप, कुणाला ऊन नको. शेवटी तिची खोलीतली मैत्रीण इशिता तयार झाली. इशिताने आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. तरी बुडत्याला काडीचा आधार, दहा झाल्या. अकरावी काही मिळेना. अपूर्वाचे जेवण सुटले. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती मला मांडीवर घेऊन बसली आणि अकराव्या झाकणावर बोट ठेवून रडली. मग तिने नीताला फोन करून सगळे खरे सांगितले.

सामन्याच्या दिवशी नीता आली. ऑफिसात रजा टाकून, जुने बूट पायात घालून, नारिंगी जर्सी घालून आली. जर्सी तिला घट्ट होत होती. "मी उभी राहते," ती धापा टाकत म्हणाली. "अकरा झाल्या ना?"

लीगच्या व्यवस्थापक बाई तशा प्रेमळ. पण त्यांनी मान हलवली. लीग फक्त विद्यार्थिनींची, आणि नीता आता विद्यार्थिनी नव्हती. हुई मिननेही विनंती केली, की आम्ही दहा जणींविरुद्ध खेळतो, आमची काही हरकत नाही. बाई म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा. त्यांनी शिट्टी वाजवली आणि नारिंगी संघ बाद झाल्याचे सांगितले. इशिता, जिला खेळायचेच नव्हते, ती सगळ्यांत आधी रडायला लागली.

हुई मिन आमच्या बाकापाशी आली. ती रागावलेली होती. "व्हाय यू नेव्हर से?" ती म्हणाली. "त्या संध्याकाळी मी माझ्या दोन मुलींना मुद्दाम आणलं होतं. माझ्याकडे त्यांना जागा नव्हती. कुणीतरी मागेल म्हणून त्या बुटांची पिशवी मांडीवर घेऊन दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यातली एक डावीकडूनच खेळते. तू अकरा भरल्यास, मग त्या उठून गेल्या."

मला गवतावर टाकून अपूर्वा धावत मैदानाच्या मध्यावर गेली. व्यवस्थापक बाईंसमोर, निळ्या संघासमोर, बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर तिने दोन्ही हात पसरले. "मी मागते! प्लीज, मी आता मागते. माझ्याकडे मुली नाहीत. आम्हाला दोघी हव्या होत्या, मी खोटं मांडलं होतं. प्लीज!" तिचा आवाज फाटला. ती गुडघ्यांवर बसली तरी मागतच राहिली. कुणी हसले नाही, कुणी तिला कमी लेखले नाही. हुई मिन तर स्वतःच डोळे पुसत होती. पण द्यायची वेळ निघून गेली होती. नीताने तिला उठवले आणि पोटाशी धरले. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

आमची मैदानाची वेळ आता दुसऱ्यांकडे गेली आहे. मी नीताच्या यिशुनच्या घरी चपलांच्या कपाटामागे असते. जाई अधूनमधून नीताला भेटायला येते, आणि तिच्याकडूनच कळले की अपूर्वा पुन्हा भिंतीकडे तोंड करून जेवते. जाई शेजारी जाऊन बसते, पण अपूर्वा मान वर करत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी पाटी तुमच्याकडे असेल, तर तिच्यावर कॉफीचे पेले ठेवा, तिला पुसायला विसरा, माझी तक्रार नाही. फक्त जिथे माणूस नाही, तिथे झाकण ठेवू नका. ती जागा मोकळी राहू द्या, आणि इथे कुणीतरी हवे आहे असे मोठ्याने सांगा. लाज वाटेल. वाटू द्या. अपूर्वाने तेवढे एक वाक्य आठवडाभर आधी म्हटले असते, तर आज शनिवारी संध्याकाळी मी मैदानावर असते आणि ती दहा जणींबरोबर जेवत असती.