वाचणारीची खुर्ची

हे सगळं घडलं त्र्याण्णव साली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या छापखान्यात पहिला कॉम्प्युटर आला, आणि धाकट्या मालकांनी त्याच्यासाठी काचेची खोली बांधून तिथे पंखा लावला. तो पंखा आमच्या खोलीतून काढलेला होता.

छापखाना कायद्याच्या पुस्तकांचा. मी तिथे वाचणारी होते. हे काम आता नातवंडांना सांगितलं तर त्यांना वाटतं, आजी बनवतेय. टेबलाच्या अलीकडे मी मूळ प्रत घेऊन बसायची, पलीकडे भिंगकाका प्रूफ घेऊन. मी मोठ्याने वाचायचं, त्यांनी कानाने ऐकत डोळ्यांनी प्रूफ ताडायचं. डोळा लबाड असतो. मधली ओळ गळली तरी अर्थ लागला की तो खुशाल पुढे सरकतो. कान तसा सरकत नाही. पण खाली यंत्रांचा खडखडाट इतका, की साधं वाचन टेबलापलीकडे पोचत नसे. म्हणून मी चालीवर वाचायची. "कलम सतराऽ, उपकलम दोनऽ, स्वल्पविराम..." स्वल्पविरामाला आवाज जरा खाली, पूर्णविरामाला अगदी तळाशी. नवा माणूस जिन्यात थबकायचा. त्याला वाटे, वर कुणीतरी बाळाला निजवतंय.

भिंगकाका म्हणजे आमचे मुख्य तपासनीस. गळ्यात दोरीला भिंग बांधलेलं, म्हणून ते नाव. माणसाचा कशावर म्हणून विश्वास नसे. डबा उघडला की आधी वास घ्यायचे, तोही घरून आलेला डबा. "तपासणाऱ्याला पगार संशयाचाच मिळतो, बाई," म्हणायचे.

आणि मग माझा गळा बिघडला. बोलताना शब्द मध्येच अडके, आतून कुणी चिमटा काढल्यासारखा. फोन उचलला की "हॅ" बाहेर आणि "लो" आत. पण गंमत अशी, की चालीवर वाचताना यातलं काही होत नसे. हसताना नाही, शेजारच्या मांजराशी लाडाने बोलतानाही नाही. लोकांना एवढं पुरे होतं.

"मांजराशी बरा गं तुझा आवाज फुटतो!" माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. आम्ही एकाच घरात राहायचो. "आम्ही काय मांजराहूनही गेलो?"

"ता... ताई, तसं ना... नाही..."

"राहू दे, राहू दे. उद्यापासून म्याऊ करूनच विचारीन."

मला हसू फुटलं, तेही खणखणीत. जाऊबाईंनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, पकडली की नाही, अशा नजरेने.

काही डॉक्टरांनी "मनाचं आहे" म्हणून वाटेला लावलं. शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून गळा पाहिला आणि म्हणाल्या, मनाचं काही नाही. मेंदू स्वरयंत्राच्या स्नायूंना चुकीचे हुकूम देतो आणि ते नको तेव्हा आवळतात. उपाय म्हणजे मानेतून सुई घालून त्या स्नायूत बोटॉक्स टोचायचं. स्नायू ढिला पडला की चिमटा सुटतो. तीनेक महिन्यांनी असर उतरतो, मग पुन्हा टोचायचं.

"हे बोटॉक्स म्हणजे असतं काय?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"एक प्रकारचं विषच. अगदी कणभर."

"म्हणजे बायकोच्या गळ्यात विष घाला म्हणून मी सही करायची?" हे म्हणाले. "उद्या लोक म्हणतील, फार बोलायची, म्हणून..."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मलाही तेव्हा ते विनोदी वाटलं नाही.

पहिल्या सुईनंतर आधी नुसती कुजबुज उरली. ह्यांना ती आवडली. "नव्या संसाराची आठवण झाली," म्हणाले. तेव्हा घर माणसांनी भरलेलं, आम्ही असंच बोलायचो. मला मात्र शंका आली, की ह्यांना बायको बरी व्हायला हवीय, की अशीच कुजबुजत राहायला? मग एका सकाळी आवाज आला. सरळ, न अडकता. मी बहिणीला फोन केला, मैत्रिणींना केला. एकदा चुकीचा नंबर लागला तर त्या परक्या माणसाचीही चौकशी केली.

पण छापखान्यात गेले आणि कळलं, की बोलणं आलं तशी चाल गेली. आवाज वर चढेना, खडखडाट ओलांडून जाईना. उपकलम संपायच्या आधी श्वास संपायचा. भिंगकाका दर ओळीला "काय म्हणालात?" करू लागले.

धाकटे मालक वडिलांनंतर नुकतेच खुर्चीत बसले होते. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"गंमतच आहे, बाई. आधी वाचता यायचं, बोलता येत नव्हतं. आता जिन्यात गप्पा ऐकू येतात आणि खोलीत वाचता येत नाही. तुमचा आवाज हजेरी लावतो तरी कुठे?"

मी डॉक्टरीणबाईंचं सांगायला लागले. "सांगाल ते खरं," ते म्हणाले, खोटं म्हणावं त्या सुरात. आणि जाता जाता सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की कॉम्प्युटर रुळला की वाचणाऱ्यांच्या दोन जोड्यांपैकी एकच ठेवायची आहे.

ह्यांचा कारखाना बंद पडून वर्ष होत आलं होतं. घर माझ्या त्या खुर्चीवर चाललं होतं.

दुसऱ्या खेपेला सुई तीच, बाई त्याच, आणि निकाल भलताच. पाण्याचा घोट घेतला की ठसका. कुजबुज सरता सरेना.

"पाणीच टोचत असेल ती," जाऊबाई म्हणाल्या, आणि ते माझ्या डोक्यात बसलं. मी डॉक्टरीणबाईंना बाटली दाखवायला सांगितली. त्यांनी न रागावता दाखवली.

"मग दर वेळी वेगळं का होतं?"

"सुई केसभर इकडे की तिकडे, यावर असतं. किती मात्रा लागते, तेही ज्याचं त्याचं शोधत जावं लागतं. मी वचन देत नाही."

वचन न देणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हे मला घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

त्या कुजबुजीच्या दिवसांत कामावर सगळंच संशयास्पद वाटू लागलं. आमच्या खोलीचं दार अर्धं होतं, खालून मोकळं. वाचता वाचता दाराखाली बुटांची टोकं दिसायची. बूट नवे, मालकांचे. थोडा वेळ थांबायचे आणि जायचे. एकदा भिंगकाका मालकांच्या केबिनमधून बाहेर येताना दिसले. मला पाहताच स्वच्छ असलेलं भिंग पुसत बसले. माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्याहून विचित्र म्हणजे काकांनी "काय म्हणालात?" विचारणं बंद केलं. मी चांगल्या आवाजात बोलत होते तेव्हा ज्यांना ऐकू येत नव्हतं, त्यांना आता कुजबुज ऐकू येते? प्रुफावर बरोबरच्या खुणा तर भराभर पडत होत्या. एका दुपारी मी आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले, बोट ओळीवरून फिरवलं. काका मान खाली घालून खुणा करत राहिले. मी पान उलटलं, त्यांनी उलटलं.

"बरं," ते म्हणाले. "पुढे."

काकांचे कान गेले होते. आज नव्हे, केव्हाचेच. एवढी वर्षं माझी चाल तेवढी त्यांच्यापर्यंत पोचत होती, आणि तिच्या चढउतारावर ते आपली जागा धरून होते. चाल गेली आणि ते एकटे पडले. आता नुसत्या डोळ्यांनी तपासत होते, म्हणजे जे करू नये म्हणून आम्हा दोघांना पगार होता, नेमकं तेच.

व्हायचं ते झालं. घरभाड्याच्या कायद्यावरचं पुस्तक बाजारात गेलं आणि एका वकिलाने कळवलं, की त्यात एक अख्खी ओळ गळली आहे. अर्थ कुठे तुटत नव्हता, म्हणून कुणाला दिसली नव्हती. मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं.

जिन्यात काकांनी मला अडवलं. "तुम्ही मुद्दाम करताय," म्हणाले.

"काय?"

"हळू वाचता. माझी परीक्षा घ्यायला. त्यांनीच सांगितलंय ना तुम्हाला?"

म्हणजे मी त्यांना मालकांचा हेर समजत होते आणि ते मला! मला हसू आवरेना. पण त्या दिवसांत माझ्या हसण्यातही आवाज नव्हता, नुसता वारा आणि हलणारे खांदे. काकांना वाटलं, मी रडतेय. त्यांनी गडबडीने खिशातून रुमाल काढला, सवयीने दोन्ही बाजूंनी तपासला, आणि मग पुढे केला.

केबिनमध्ये मालक टेकून बसले होते. "सरळ विचारतो. बाईंनी ओळ वाचली नाही, की काकांनी ऐकली नाही?"

काका भिंगाकडे पाहत होते. एक वाक्य बोलले असते तर मी सुटले असते. ओठ त्यासाठी उघडलेही. पण मालकांचा प्रश्न फार सोपा होता, आणि सोप्या दिसणाऱ्या ओळीवर भरवसा ठेवायचा नाही, हे मला काकांनीच शिकवलं होतं. मी त्यांचं नाव घेणार, ते माझं घेणार, आणि कोणती जोडी ठेवायची हा प्रश्न मालकांना पडणारच नाही. बूट काय उगाच दाराखाली उभे राहत होते?

मी म्हणाले, "माझा आवाज पोचला नाही. आमच्या खुर्च्या बदला. काका वाचतील, मी तपासेन."

मालकांनी कानामागे हात नेला. माझी कुजबुज टेबल ओलांडून गेलीच नव्हती. "काय म्हणाल्या हो काका, या?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तर एक अक्षर ऐकू आलेलं नव्हतं. मी त्यांना वाचवलं की बुडवलं, हे कळायला काही मार्ग नव्हता. घरच्या डब्याचा वास घेणारा तो माणूस, थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

"त्या म्हणतात तसंच आहे," काका म्हणाले. "तसंच करा."

मग मी टेबलाजवळ वाकून पुन्हा सांगितलं. मालकांनी आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं. मुख्य तपासनिसाने वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं म्हणजे पायरी उतरणं होतं. "काका, चालेल तुम्हाला?" त्यांनी मोठ्याने विचारलं. काकांचे कान लाल झाले. "एकदा सांगितलं ना, करा," म्हणाले.

काका वाचायचे ते चालीबिलीशिवाय, फलाटावर गाडीची घोषणा करावी तसे. खालून यंत्रवाले ओरडायचे, "काका, हळू! सगळ्या गल्लीला कायदा पाठ होतोय!" काकांना अर्थात ते ऐकू येत नसे. मालक एकदा आमच्या खोलीत खुर्ची टाकून दुपारभर बसले, काहीतरी काळंबेरं आहे म्हणून. हाती काही लागलं नाही. एक जोडी ठेवली, ती आमची.

भिंगकाका त्याच खुर्चीतून निवृत्त झाले. कानांविषयी ते माझ्याशी कधी बोलले नाहीत आणि आभारही मानले नाहीत. पुढे त्यांच्या मुलाने कानाचं यंत्र घेऊन दिलं, तर "जग फार बडबडतं" म्हणून ते बहुधा खिशातच ठेवत. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. छापखाना बंद पडला. धाकटे मालक मध्यंतरी बँकेत भेटले, तेही म्हातारे. मी विचारलं, काका तेव्हा केबिनमध्ये येऊन काय सांगायचे? "आठवत नाही हो," म्हणाले. "मी तर तुम्हा दोघांवरही नजर ठेवून होतो." खरं की खोटं, देव जाणे.

डॉक्टरीणबाई परदेशी गेल्या. आता त्यांचा विद्यार्थी टोचतो, तोही वचन देत नाही. ह्यांना एका गोदामात काम लागलं, ते शेवटपर्यंत केलं. कुजबुजीविषयीचा प्रश्न मी शेवटी विचारलाच, तेव्हा नुसते हसले आणि कूस बदलली. जाऊबाई अखेरच्या वर्षी अंथरुणावर होत्या, मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. गळा आवळलेला असला की जुन्या चालीवर वाचायची. "बघ, येतो की!" त्या म्हणायच्या. जाईपर्यंत त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

मी अजून टोचून घेते. कधी आवाज महिनाभर टिकतो, कधी चार महिने, कधी ठसका तेवढा पदरात पडतो. गेल्या खेपेला फार छान लागला. म्हणूनच पुढच्या खेपेची धास्ती आहे.