आईच्या हातचं केनोशिरू

जानेवारीच्या पंधरा तारखेला उत्तर जपानातल्या आमच्या त्सुगारूत घरोघरी केनोशिरू शिजतं. पातेलं भरून भाज्यांचं दाट सूप करायचं, पहिली वाटी घरातल्या गेलेल्या माणसांपुढे ठेवायची आणि मग दोन-तीन दिवस तेच गरम करून खायचं. तेवढे दिवस बायकांना स्वयंपाकातून सुट्टी. निदान म्हणायला तरी.

मित्सुए आदल्या दिवशी सकाळपासून चिरत होती. मुळा, गाजर, गोबोची मुळं, वसंतात खारवून ठेवलेले नेच्याचे कोंब, तळलेला तोफू, सगळं सोयाबीनच्या दाण्याएवढं. अंगठ्याच्या सांध्यातून कळ येत होती. नवरा र्‍योसाकु बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सुमो कुस्त्या बघत बसला होता.

पंधराला दुपारी धाकटा दीर तेइजी जेवायला आला. र्‍योसाकुनं दोन घोट घेतले आणि वाटी खाली ठेवली.

"चांगलं झालंय. पण आईच्या हातची चव नाही."

वहिनींनी मनाला लावून घेऊ नये, आईची गोष्टच वेगळी होती, असं तेइजीनं समजावलं. सासू गेल्याला चार वर्षं झाली होती. चारही वर्षं मित्सुए हेच वाक्य ऐकून भांडी घासायला उठून गेली होती. या वेळी ती उठली नाही.

"आईंची बोटं शेवटची अकरा वर्षं मिटत नव्हती," ती म्हणाली. "सुरी धरता येत नव्हती त्यांना. मुलांना सांगू नकोस, मी निकामी झाले असं वाटेल त्यांना, असं म्हणाल्या, म्हणून मी गप्प बसले. तुम्ही ज्या चवीची आठवण काढता ना, ती माझ्या हातची आहे."



"मग तेव्हाच का नाही बोललीस?" र्‍योसाकुनं विचारलं.

"अकरा वर्षांत एकदा जरी स्वयंपाकघरात डोकावला असतात, तर दिसलं असतं. आई स्टुलावर बसलेल्या असायच्या. चिरत मी असायचे."

तिनं कोट घातला, गमबूट चढवले आणि बर्फातून चालत बसथांबा गाठला. कुरोइशीला बहीण होती, तिच्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी र्‍योसाकुचा फोन आला. सूप गरम करताना पाणी किती घालायचं, एवढंच त्यानं विचारलं. तिनं उत्तर न देता फोन ठेवला आणि बहिणीसमोर त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी ती परतली तेव्हा स्वयंपाकघरात करपल्याचा वास भरला होता. र्‍योसाकु बाह्या वर करून पातेल्याचं बूड खरवडत होता. तिला बघून तो थांबला, पातेलं तिच्याकडे सरकवावं की नाही अशा विचारात.

"अजून काळं आहे," मित्सुए म्हणाली, आणि कोट टांगायला गेली.

राग गेला नव्हता. तो घालवायची तिला घाईही नव्हती. मागे पुन्हा घासण्याचा खरखराट सुरू झाला.