पाठीमागून हृदय पाहणारी मी

मित्रांनो, मी दोन हात लांबीची एक जुनी, काळी नळी आहे. दिसायला बागेत पाणी घालायच्या पाइपची धाकटी बहीणच म्हणा ना! पण माझ्या टोकाला एक डोळा आहे. माणूस भुलीने गाढ झोपला की मला हलकेच त्याच्या घशातून अन्ननलिकेत उतरवतात. तिथे पुढच्या बाजूला हृदय अगदी खेटून असते. माझा डोळा कुणाला ऐकू न येणारा आवाज सोडतो, त्याचा प्रतिध्वनी टिपतो आणि पडद्यावर धडधडणारे हृदय दिसू लागते.

कारखान्यात बायकांनी भिंगाखाली पाहत माझ्या केसाएवढ्या तारा जोडल्या. तिथून मी आले ती थेट भूलतज्ज्ञ मॅडमच्या हाती. यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया चालू असताना हृदयावर लक्ष ठेवायचे, हे माझे काम. काम पोटात आणि पहारा छातीत!

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मग एकदा कुणीतरी घाईत मला वेटोळे करून खणात कोंबले आणि खण दाणकन लावला. तेव्हापासून माझ्या चित्रात एक काळी रेघ येऊ लागली. नवी नळी आली आणि मी कपाटात लटकत राहिले. सगळे मला ‘म्हातारी’ म्हणू लागले.

एके सकाळी नवी नळी दुरुस्तीला गेलेली होती. मॅडमनी मला काढले, बोटांनी चाचपून कुठे चीर नाही ना ते पाहिले, पडदा लावून माझी परीक्षा घेतली आणि म्हणाल्या, “चल म्हातारे, तुझ्यावाचून अडलंय.”

टेबलावर बस चालवणारे एक काका होते. त्यांची धाकटी बहीण आपल्या यकृताचा तुकडा त्यांना देणार होती. ती शेजारच्याच खोलीत होती.

“मॅडम, लहानपणी मी तिला सायकलला हातसुद्धा लावू दिला नाही हो,” काका म्हणाले.

“मग बरे व्हा आणि द्या घेऊन एक,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी भूल दिली.

दुपारी नवे यकृत जोडून झाले. रक्तवाहिन्यांना लावलेले चिमटे सर्जननी सोडले, नव्या यकृतात रक्त खेळू लागले आणि काकांचा रक्तदाब धाडकन कोसळला.

“रक्त कमी पडतंय. भराभर चढवा!” सर्जन म्हणाले.

मॅडमनी मला किंचित वळवले. काळी रेघ बाजूला सरली. मित्रांनो, मी जे पाहिले ते दाखवले. हृदय रिकामे नव्हतेच! त्याची उजवी बाजू फुग्यासारखी ताणली होती.

“थांबा!” मॅडम म्हणाल्या. “हृदय फुगलंय. आणखी रक्त भरलं तर बंद पडेल. तुम्ही चिमटा अर्धा लावा, मी औषध देते.”

सर्जननी हात आवरला. त्यांनी चिमटा अर्धा लावला, मॅडमनी औषध दिले. मी एकटक पाहत होते. हळूहळू उजवी बाजू आक्रसली, ठोके जोरकस झाले, रक्तदाब वर आला. मॅडमनी माझ्या मुठीवर दोनदा थोपटले.

आठवड्याने मॅडम उपकरणे धुण्याच्या खोलीत येऊन मला धुणाऱ्या मावशींना सांगत होत्या, “दोघं बहीणभाऊ वॉर्डात भांडतायत, आधी घरी कोण जाणार म्हणून!”

नवी नळी परत आल्यावर मला कायमची रजा मिळाली. मित्रांनो, तुमच्याही हाताखाली माझ्यासारखे कुणी असेल. काम झाले की त्याला पुसा, नीट ठेवा, घाईत कोंबू नका. नेमके कधी त्याच्यावाचून अडेल, सांगता येत नाही.

माझे शेवटचे काम आटोपले त्या दिवशी मावशी मला नेहमीसारख्याच सावकाश धूत होत्या. एका नर्सने विचारले, “मावशी, ती आता वापरायची नाहीये. कशाला धुताय?”

मावशी म्हणाल्या, “अगं, कामावरून आलीय ती. हातपाय धुवायला नकोत?”