मधमाशीच्या पोशाखाची कंबर

पोरगी उन्हाळ्यात वाढली होती. या एका काळजीने तिच्या आईचा, ग्लाफिराचा, पंधरा दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी बोलतोय. ती पोरगी ज्यात मावेना, तो पोशाख.

मी मधमाशीचा पोशाख. पिवळी मखमल, तिच्यावर काळे पट्टे, पाठीला तारेचे पंख, खाली कडक जाळीचा घेर. आणि आत, कुणाला दिसणार नाहीत अशा, व्हेल माशाच्या हाडाच्या चौदा कांबी. रशियातल्या पीटर्सबर्गच्या एका सरकारी नाटकघरात, अठराशे शहाण्णव साली, मला शिवलं. ज्या मुलीचं माप घेतलं, ती नुकतीच तापातून उठली होती. दीड महिना अंथरुणाला खिळलेली, नुसती काडी! पण माप वहीत चढलं आणि तोच कायदा झाला. कंबर पन्नास सेंटिमीटर.

त्यानंतर दरवर्षी बॅले शिकणाऱ्या तीन मुली रांगेत उभ्या करायचे. जिला मी होईन, ती मधमाशी. नाच कुणाला येतो, हे विचारायची पद्धतच नव्हती. माझ्या अस्तरात एक फीत आहे, तिच्यावर शाईने त्या मुलींची आडनावं आहेत. एकेक नाव वाचलं की अजून माझं मस्तक फिरतं. त्यांच्या बरगड्यांवर माझ्या कांबींचे वळ उठायचे, आणि लोक टाळ्या वाजवायचे.

एकोणीसशे नऊ उजाडलं तोवर मोठ्या नर्तकींचे पोशाख बदलले होते. पोशाखांची चित्रं काढणारे नवे चित्रकार आले, म्हणाले, बाईला श्वास घेऊ द्या. कांबी गेल्या, सैल रेशीम आलं, त्यावर हाताने रंगवलेली फुलं आली. वर्तमानपत्रांत नुसती वाहवा! ते पोशाख माझ्या शेजारच्या खुंटीवर वाऱ्याने हलायचे. मी आपला ताठ. लहान मुलींचे पोशाख कुणी हातातसुद्धा घेतले नाहीत. टिकलेत ना? मग चालतील.

ग्लाफिरा तिथेच शिवणकाम करायची. नवरा वारलेला. तिची नऊ वर्षांची मुलगी तोन्या बॅले शिकायला घरून ये-जा करी. जी मुलगी त्या शरदात रंगमंचावर जाईल तिला वसतिगृह मिळणार होतं: दोन वेळचं जेवण, बूट, गरम कोट. आणि तोन्या सुट्टीत आजीच्या गावी जाऊन, दूध-बटाटे खाऊन, गुटगुटीत होऊन आली होती. झालं! ग्लाफिराने तिची लापशी बंद केली. सकाळी चहा, संध्याकाळी काळ्या पावाची कड. स्वतःच्या घशाखालीही तिने तेवढंच उतरवलं. आपण आई आहोत की माझ्यासारखंच एक हाडांचं खोकं, असं तिला वाटलंच असेल. मला तिची कीव येत नव्हती. रागच येत होता.

मापाच्या दिवशी हूक लावायला तीच होती. पोशाखघराचे मुख्य पोर्फिरी साव्विच खुर्चीत बसले होते. तोन्यामागे रूफा नावाची फिकट मुलगी उभी होती, तिच्यामागे आणखी एक.

सात हूक लागले. आठवा लागेना.

"गावचं दूध अडकलंय गं हुकात!" म्हातारी शिवणकरीण डोम्ना हसली.

"पोट आत घे," ग्लाफिरा पुटपुटली. "आणखी. श्वास सोडू नकोस, बाळा."

"शिवणीत आत दुमडलेली माया आहे की दोन बोटं," डोम्ना म्हणाली. "उसव ना. घटकाभराचं काम."

"खबरदार!" पोर्फिरी साव्विच गरजले. "लेखी परवानगीशिवाय टाकासुद्धा हलवायचा नाही. पोशाख सरकारी आहे. तो बदलत नाही, पोरगी बदलते. चला, दुसरी कोण?"

आज मी संग्रहालयात काचेआड आहे. पाटीवर चित्रकाराचं नाव आहे, माझं माप आहे. शिवणाऱ्या बाईचं नाव नाही. बघणारे म्हणतात, "अय्या, किती नाजूक असायच्या गं तेव्हाच्या मुली!" नाजूक? अहो, उपाशी होत्या त्या! तुमच्या घरी असेल असं एखादं माप, कुणा आजारी लेकराचं, वहीत चढलेलं. ते फाडून टाका. लेकरू कापू नका, कापड उसवा. मला तोंड नव्हतं, नाहीतर मी तेव्हाच ओरडलो असतो.

त्या दिवशी माझ्या आत एक श्वास कोंडलेला होता. तोन्याचे ओठ पांढरे पडले. ग्लाफिराचे हात थांबले. तिने कमरेची कात्री काढली आणि माझ्या दोन्ही कुशी काखेपासून कमरेपर्यंत उसवल्या. टर्रकन. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

"वेडी झालीस?" पोर्फिरी साव्विच खुर्चीतून उठले. "आत्ताच्या आत्ता बाहेर हो! आणि ही कार्टी या नाटकघरात पुन्हा दिसली तर बघ!"

ग्लाफिराचा चेहरा पांढराफटक झाला. नोकरी गेली, वसतिगृह गेलं, कोट गेला. आता पोरगी रडणार, मधमाशीचं काय म्हणून विचारणार. ती तोन्यापुढे गुडघ्यावर बसली.

तोन्याने छातीभर श्वास घेतला. मग माझे हूक स्वतःच सोडले, मला अंगातून काढलं आणि मागे वळून मला पुढे केलं.

"घे रूफा," ती म्हणाली. "आता जेवूनसुद्धा घालता येईल."