शेवटच्या थांब्याची वाचक

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे, पण माझ्यात कधी प्रवासी बसले नाहीत. कारखान्यातच मला आसनांऐवजी लाकडी फळ्या बसवल्या. त्या मागे किंचित कललेल्या आहेत, म्हणजे वळणावर पुस्तकं पडत नाहीत. क्रोएशियाच्या लिका प्रांतातल्या डोंगरगावांना मी पुस्तकं पोचवत असे.

पूर्वी माझा भोंगा ऐकला की मुलं धावत यायची, चिखलाचे बूट पायरीशी काढून आत चढायची. पुढे तरुण माणसं कामासाठी परदेशी गेली आणि शाळा बंद झाल्या. शेवटच्या थांब्यावर एकच वाचक उरली, तेरा वर्षांची तेना. हिवाळाभर कुणी पुस्तक नेलं नाही, तर थांबा बंद करायचा असा नियम होता. तेना वाचत होती, म्हणून मी तिथवर जात होते.

तिचा भाऊ याकोव आयर्लंडला मांसाच्या कारखान्यात कामाला होता. येतो येतो म्हणायचा. सलग दोन नाताळ आला नाही. मला चालवणारा आणि पुस्तकं देणारा माणूस एकच, झ्वोन्को. त्याने तिला एक किशोर कादंबरी दिली. तीत एका मुलीचा भाऊ जहाजावर जातो आणि ती मागे राहते.

पुढच्या खेपेला तेनाने पायरीवरूनच पुस्तक पुढे केलं.

"घ्या काका, तुमचं खोटारडं पुस्तक."

"का गं? एवढं काय झालं?"

"सगळं पुस्तक खरं बोलतं. शेवटच्या पानावर दार वाजतं आणि भाऊ उभा! असा येतो होय कुणी?"

"अगं, पोरांची गोष्ट आहे. लेखकाला तुला रडवायचं नसेल."

"रडले असते की! तो येत नाही, मग दुसऱ्या दिवशी उठून ती काय करते, एवढंच मला हवं होतं."

झ्वोन्कोने घाईघाईने दुसरं पुस्तक काढलं. "हे बघ, हरवलेल्या कुत्र्याचं आहे."

"कुत्रा परत येतो?"

त्याने शेवटचं पान उघडून पाहिलं. त्याला खोटं बोलता आलं नाही.

"येतो."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि चढण चढून घरी गेली.

त्या हिवाळ्यात आम्ही प्रत्येक खेपेला तिथे थांबलो, भोंगा वाजवला. तिच्या घरातून धूर निघताना दिसायचा, ती यायची नाही. वसंतात थांबा बंद झाला. नंतर मीही निकामी ठरले. आता आगाराच्या मागे उभी आहे.

मित्रांनो, पुस्तकांची पानं दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मला दुसरंच सांगायचं आहे. तुमच्यापैकी कुणी पुढे मुलांसाठी लिहिणार असेल, तर त्यांना दयेपोटी खोटा शेवट देऊ नका. त्या मुलीने फार मोठं काही मागितलं नव्हतं. झ्वोन्कोने त्या हिवाळ्यात माझी एकेक फळी धुंडाळली. सगळ्या पुस्तकांत शेवटी कुणी ना कुणी परत येत होतं. तिला हवं होतं ते पुस्तक माझ्यात नव्हतंच.